गेमचेंजर? थांबा जरा!

‘आयएनएस विराट’ तुमच्यापैकी काहींनी लहानपणी मुंबईत पाहिली असेल. ६ मार्च २०१७ला ती निवृत्त झाली. १९८७मध्ये आपल्याकडे येण्याआधी ती ब्रिटिश नौदलात होती आणि तिचं नाव होतं ‘हर्मिस’. पण हे नाव लावणारी ती पहिली विमानवाहू नौका नव्हती. तिच्याआधी आणखी एक ‘हर्मिस’ होऊन गेली. विमानवाहू नौका म्हणूनच जिचा आराखडा काढला गेला अशी ती जगातली पहिली. ९ एप्रिल १९४२च्या सकाळी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, बट्टिकलोआसमोर, जपानच्या ऐंशीच्या आसपास विमानांनी तिला गाठलं. वीसेक मिनिटांत ती तळाशी गेली. ३०७ माणसं गेली.

त्याच्या चारच दिवस आधी, ५ एप्रिलला, त्याच हिंदी महासागरात ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशायर’ या दोन ब्रिटिश क्रूझर अशाच बुडाल्या होत्या. ताकाशिगे एगुसा नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली ५३ विमानं आली, एकामागून एक आकाशातून सूर मारत उतरली आणि टाकलेल्या बॉम्बपैकी बहुतेक सगळे नेमके लागले. दोन्ही जहाजांवरचे मिळून ४२४ जण मेले.

या विमानांना म्हणतात डाइव्ह बॉम्बर. आणि दुसऱ्या महायुद्धावरचं कुठलंही यूट्यूब चॅनेल उघडा, तुम्हाला हेच ऐकायला मिळेल की डाइव्ह बॉम्बर आला आणि मोठ्या जहाजांचे दिवस भरले. गेमचेंजर! आम्ही मास कॉमची पोरं हा शब्द मिठासारखा वापरतो, त्यामुळे त्याची चव आम्हाला चांगली ठाऊक आहे. म्हणूनच त्यावर जरा वाद घालायचा आहे. कारण हेच वाक्य आता ड्रोन आणि क्षेपणास्त्रांबद्दल बोललं जातंय. एप्रिल २०२२मध्ये काळ्या समुद्रात रशियाची ‘मोस्क्वा’ बुडाली, आपली नेपच्यून क्षेपणास्त्रं तिला लागली असं युक्रेनने सांगितलं, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला कोचीला आपली नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, तेव्हा कमेंट्समध्ये हाच सूर होता. वीस हजार कोटींचं जहाज आणि एक स्वस्तातलं क्षेपणास्त्र, हिशोब संपला. खरंच संपतो का?

आधी डाइव्ह बॉम्बरचं कौतुक करू, कारण ते त्याच्या हक्काचं आहे. खंड्या पक्षी पाण्यावर कसा पडतो ते पाहिलंय ना? तसंच हे. साधं बॉम्बफेकी विमान सपाट उडत उंचावरून बॉम्ब टाकतं. सहा हजार मीटरवरून सुटलेल्या बॉम्बला खाली यायला ३५ सेकंदांहून जास्त वेळ लागतो. खालचं जहाज ३० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर वेगाने पळत असेल, तर तेवढ्या वेळात ते पाचशे मीटरहून पुढे गेलेलं असतं. ‘अकागी’सारख्या विमानवाहू नौकेची लांबी २६० मीटर. म्हणजे कॅप्टनने वर बघून सुकाणू फिरवलं तरी काम झालं. मिडवेच्या लढाईत अमेरिकेच्या बी-१७ या प्रचंड विमानांनी एवढे बॉम्ब टाकले आणि चालत्या जहाजावर एकही लागला नाही, तो याच गणितामुळे.

डाइव्ह बॉम्बर हे गणितच बदलतो. अमेरिकेचं ‘डॉन्टलेस’ विमान साडेचार-पाच हजार मीटरवरून ७० अंशांच्या आसपास कोनात खाली झेपावायचं. पंखांवर भोकं पाडलेले ब्रेक असायचे, वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणून. पोटाखालचा बॉम्ब एका झोक्यासारख्या दांड्यावरून बाहेर ढकलला जायचा, नाहीतर तो स्वतःच्याच पंख्यात अडकला असता. पाचशे-सहाशे मीटरवर बॉम्ब सुटायचा. तिथून जहाजापर्यंत चारेक सेकंद. चार सेकंदांत जहाज हलणार किती? साठ मीटर. वळायला वेळच नाही. आणि या सगळ्यात मागच्या सीटवर, शेपटाकडे तोंड करून, मशीनगन धरलेला दुसरा माणूस बसलेला असायचा. विमान समुद्राकडे कोसळतंय आणि याला दिसतंय फक्त वरचं आकाश. वैमानिकावर सिनेमे निघतात. या मागच्या माणसाबद्दल मला जास्त कुतूहल वाटतं.

तर शस्त्र चांगलं होतं, यात वाद नाही. एप्रिल १९४०मध्ये नॉर्वेतल्या बर्गन बंदरात ब्रिटिशांच्या १६ ‘स्क्युआ’ विमानांनी ‘क्योनिग्सबर्ग’ ही जर्मन क्रूझर बुडवली. मे १९४१मध्ये सुरू झालेल्या क्रीटच्या लढाईत जर्मन आणि इटालियन विमानांनी ब्रिटिश नौदलाच्या तीन क्रूझर आणि सहा विनाशिका संपवल्या. त्यातली ‘केली’ ही विनाशिका २३ मेला ‘स्टुका’ या जर्मन डाइव्ह बॉम्बरांनी बुडवली. पूर्ण वेगात वळत असताना बॉम्ब लागला आणि ती चालत्या स्थितीतच उलटी झाली. तिचा कॅप्टन पोहत बाहेर आला. त्याचं नाव लुई माउंटबॅटन. हो, तेच, सहा वर्षांनी दिल्लीत व्हाइसरॉय म्हणून आलेले.

आता मिडवेकडे. ४ जून १९४२, पॅसिफिक महासागर. सकाळी सव्वादहा ते साडेदहाच्या दरम्यान अमेरिकन डाइव्ह बॉम्बरांनी ‘कागा’, ‘अकागी’ आणि ‘सोर्यू’ या तीन जपानी विमानवाहू नौका पेटवल्या आणि संध्याकाळी चौथी, ‘हिर्यू’. २०१९चा ‘मिडवे’ सिनेमा पाहिला असेल तर हे दृश्य तुमच्या डोळ्यांसमोर असेल. ‘पाच मिनिटांत युद्ध फिरलं’ हे वाक्य इथलंच.

पण त्याच दिवशी, त्याच सकाळी, दोन-अडीच तास आधी काय झालं ते रील्समध्ये येत नाही. मिडवे बेटावरून मेजर लॉफ्टन हेंडरसन यांच्या नेतृत्वाखाली मरीन्सची १६ ‘डॉन्टलेस’ विमानं याच जपानी ताफ्यावर गेली होती. विमान तेच. लक्ष्य तेच. पण बहुतेक वैमानिक नवखे, उभ्या सुराचा सराव नाही. म्हणून हेंडरसननी तिरकस, उथळ कोनात उतरायचं ठरवलं. सावकाश उतरणारं विमान म्हणजे आयतं सावज. जपानी ‘झिरो’ लढाऊ विमानं तुटून पडली, निम्मी ‘डॉन्टलेस’ परत आली नाहीत, खुद्द हेंडरसन मारले गेले. बॉम्ब किती लागले? एकही नाही.

एकाच सकाळी एकाच शस्त्राचे दोन निकाल. मग ‘डाइव्ह बॉम्बर परिणामकारक होता का’ या प्रश्नाला अर्थ काय उरतो? कुणाच्या हातातला, कितव्या तासातला, हे विचारल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

आणि दहा वाजताच्या यशाचं तरी काय? नीट बघितलं तर ते पावलोपावली हुकता हुकता जमलेलं आहे. ‘हॉर्नेट’ या जहाजावरची डाइव्ह बॉम्बरं चुकीच्या दिशेला गेली, त्यांना शत्रू दिसलाच नाही. ‘एंटरप्राइज’वरचे वेड मॅकक्लस्की ठरलेल्या जागी पोचले तर तिथे रिकामा समुद्र. इंधन संपत आलेलं असताना त्यांनी शोध चालू ठेवला. तेवढ्यात खाली एकटीच घाईने निघालेली ‘अराशी’ ही जपानी विनाशिका दिसली. ती ‘नॉटिलस’ या अमेरिकन पाणबुडीला दाबून ठेवायला मागे थांबली होती आणि आता ताफा गाठायला धावत होती. मॅकक्लस्कींनी तिची दिशा धरली. म्हणजे एका पाणबुडीने काहीही न बुडवता रस्ता दाखवला.

मग पोचल्यावर गोंधळ. दोन्ही तुकड्या एकाच ‘कागा’वर झेपावू लागल्या. रिचर्ड बेस्ट नावाच्या अधिकाऱ्याच्या ते लक्षात आलं, त्याने आपली आणि सोबतची दोन विमानं बाजूला काढली आणि ‘अकागी’वर सूर मारला. जपानी ताफ्याच्या प्रमुख जहाजावर फक्त तीन विमानांनी हल्ला केला. थेट लागलेला बॉम्ब एक. तिकडे ‘यॉर्कटाउन’वरून निघालेल्या मॅक्स लेस्लींच्या १७ विमानांपैकी चौघांचे बॉम्ब विजेच्या स्विचमधल्या बिघाडामुळे वाटेतच समुद्रात पडले होते. त्यात लेस्लींचा स्वतःचाही होता. तरी ‘सोर्यू’वर पहिला सूर त्यांनीच मारला. बॉम्ब नसलेल्या विमानातून!

आणि आकाश मोकळं का होतं? कारण त्याआधी ४१ ‘डेव्हास्टेटर’ विमानं पाण्यालगत संथ उडत टॉर्पेडो टाकायला आली होती. मराठीत टॉर्पेडोला पाणतीर म्हणतात, पण त्या दिवशीचे हे तीर एकही लागले नाहीत. ‘हॉर्नेट’वरून उडालेल्या तुकडीची पंधराच्या पंधरा विमानं पडली, तीस जणांपैकी जॉर्ज गे हा एकटा वाचला. बाकीच्या दोन तुकड्यांतली परतलेली विमानं हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण या हल्ल्यांमुळे जपानी जहाजं सकाळभर वळणं घेत, चुकवत राहिली. आपली ‘झिरो’ विमानं उतरवून इंधन-गोळ्या भरून परत सोडत राहिली. शेवटची तुकडी आली तेव्हा ‘झिरो’ तिच्या मागे खाली गेली होती. वर कुणी नव्हतं.

आता सांगा, हिशोबाच्या वहीत ‘डेव्हास्टेटर’च्या नावापुढे शून्य लिहायचं आणि ‘डॉन्टलेस’पुढे चार? तसंच लिहिलं जातं. मला हे क्रिकेटमधल्या विनिंग सिक्ससारखं वाटतं. तो मारणाऱ्याचा फोटो पेपरात येतो, पण समोरच्या बॉलरला दमवून आऊट झालेला आधीचा बॅट्समन स्कोअरकार्डात बारा रनांवर पडलेला असतो. फरक एवढाच की इथे आऊट झालेला घरी येत नाही.

हा योगायोगही पहिला नव्हता. १० जानेवारी १९४१ला भूमध्य समुद्रात ‘इलस्ट्रियस’ या ब्रिटिश विमानवाहू नौकेवर हेच झालं होतं. आधी दोन इटालियन टॉर्पेडो विमानं खाली आली, ब्रिटिशांची लढाऊ विमानं त्यांच्या मागे उतरली आणि वर ‘स्टुका’ आल्या. सहा बॉम्ब लागले. पण ‘इलस्ट्रियस’ बुडाली नाही! तिच्या डेकला पोलादी चिलखत होतं. धुमसत ती माल्टाला पोचली, मग दुरुस्तीला थेट अमेरिकेत. ‘अकागी’ एका बॉम्बने संपली आणि ‘इलस्ट्रियस’ सहा पचवून जगली.

इथे मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. ‘अकागी’ त्या एका बॉम्बने संपली नाही, ती स्वतःच्याच पोटातल्या दारूगोळ्याने संपली. नागुमो या जपानी अ‍ॅडमिरलने सकाळपासून विमानांवरची हत्यारं दोनदा बदलायला लावली होती. बेटावर टाकायचे बॉम्ब काढलेले, ते तळघरातल्या कोठारात परत न जाता हँगरमध्येच पडलेले. शेजारी इंधन भरलेली, टॉर्पेडो लावलेली विमानं. हँगर चारी बाजूंनी बंद, त्यामुळे स्फोटाला बाहेर जायला वाट नाही. बेस्टचा बॉम्ब या सगळ्यात जाऊन फुटला. तो काडी होता. लाकडं आधीच रचलेली होती.

त्याच दुपारी ‘हिर्यू’च्या १८ डाइव्ह बॉम्बरांनी ‘यॉर्कटाउन’ला गाठलं. वाटेत लढाऊ विमानांनी बहुतेकांना पाडलं, सातच पोचली. त्या सातांनी तीन बॉम्ब लावले. वैमानिक म्हणून कमाल! पण ‘यॉर्कटाउन’च्या लोकांनी हल्ल्याआधीच इंधनाच्या नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरून ठेवला होता. आग पसरली नाही. डेकवरची भोकं बुजवली, बॉयलर पुन्हा पेटवले, आणि दोनेक तासांत जहाज चालू लागलं. जपान्यांची दुसरी तुकडी आली तेव्हा त्यांना वाटलं, हे धडधाकट दिसतंय म्हणजे दुसरंच जहाज असणार. ‘यॉर्कटाउन’ला अखेर संपवलं टॉर्पेडोंनी, दुपारी विमानांच्या आणि मग ६ जूनला एका जपानी पाणबुडीच्या. ७ जूनला ती बुडाली.

तीन बॉम्ब लागलेलं जहाज पुन्हा चालतं आणि एक लागलेलं जळून जातं. आता ‘एका बॉम्बची परिणामकारकता’ कशी काढणार? बॉम्बचा आकडा लिहिताना खाली हँगर कसा होता, पाइपात काय होतं, आग विझवणारे कोण होते, हेही लिहायला नको का?

जाडजूड चिलखताच्या युद्धनौकांसमोर तर डाइव्ह बॉम्बरची एक अंगभूत अडचण होती. अचूक मारायचं तर खालून सोडा. पण खालून सोडलेल्या बॉम्बला वेग मिळत नाही आणि वेग नाही तर चिलखत फुटत नाही. ३ एप्रिल १९४४ला नॉर्वेच्या फिओर्डमध्ये उभ्या असलेल्या ‘टर्पिट्झ’ या जर्मन युद्धनौकेवर ब्रिटिशांच्या ‘बॅराकुडा’ विमानांनी सूर मारले. डझनाहून जास्त बॉम्ब लागले, शंभराहून जास्त खलाशी मेले, जहाज तरंगतच राहिलं. नोव्हेंबरमध्ये ती उलटली ती ‘लँकेस्टर’ विमानांनी उंचावरून टाकलेल्या पाच टनी बॉम्बने. जपानची महाकाय ‘यामातो’ एप्रिल १९४५मध्ये बुडाली तेव्हाही पोट फाडण्याचं काम टॉर्पेडोंनी केलं.

‘पाच मिनिटां’च्या त्या गोष्टीबद्दलही थोडं. मिडवेला हजर असलेले जपानी अधिकारी मित्सुओ फुचिदा यांनी युद्धानंतर पुस्तकात लिहिलं की जपानी डेकवर विमानं उड्डाणाला सज्ज उभी होती, पाच मिनिटं मिळाली असती तर ती उडाली असती. ही कहाणी अर्धं शतक जगभर छापली गेली. २००५मध्ये जोनाथन पार्शल आणि अँथनी टली या अमेरिकन अभ्यासकांनी जपानी जहाजांच्या कामकाजाच्या नोंदी तपासून दाखवलं की हल्ल्याची विमानं डेकवर नव्हतीच, खाली हँगरमध्ये होती. जपानमध्ये ही शंका आधीच घेतली गेली होती. पण ‘पाच मिनिटं’ ऐकायला मस्त वाटतं ना! हरणाऱ्याला ‘नशीब फुटकं’ म्हणता येतं आणि जिंकणाऱ्याला ‘चमत्कार’. हेडलाइनचा मोह काय असतो ते मला हल्ली रोज कळतंय, त्यामुळे फुचिदांवर फार रागावता येत नाही.

या शस्त्राचा सुवर्णकाळ जेमतेम दोन-अडीच वर्षांचा. मग जहाजांनी शिकून घेतलं. रडार आलं, जास्त लढाऊ विमानं आली, ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा आल्या (हो, हे नाव आपल्याकडे वेगळ्याच कारणाने घराघरात पोचलं), आणि विमानाच्या जवळ जाताच आपोआप फुटणारे गोळे आले. जून १९४४मध्ये फिलिपाइन समुद्रातल्या लढाईत जपानी विमानं अमेरिकन जहाजांपर्यंत पोचण्याआधीच शेकड्याने पडली. ‘कॉर्नवॉल’ आणि ‘डॉर्सेटशायर’ बुडवणारे एगुसा याच महिन्यात सायपानजवळ मारले गेले. असा एक वैमानिक तयार व्हायला वर्षं लागतात आणि जपानकडे आता वर्षं नव्हती. ऑक्टोबरपासून त्यांनी दुसरा मार्ग काढला: सूर मारायचा, पण वर यायचंच नाही. कामिकाझे. सराव कमी लागतो.

आपल्या हवाई दलानेही डाइव्ह बॉम्बर उडवलेत बरं का. ७ आणि ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे ‘व्हेंजन्स’ विमानं होती. ती ब्रह्मदेशात जमिनीवरच्या लक्ष्यांवर वापरली गेली, जहाजांवर नाही.

तर पुन्हा ‘विक्रांत’. तिच्यावरच्या खर्चाबद्दल वाद घाला, घालायलाच हवा, पैसा तुमच्या-माझ्या घरातूनच जातो. पण ‘एक क्षेपणास्त्र आणि खेळ खल्लास’ ही कमेंट टाकण्याआधी ‘हर्मिस’ची ती सकाळ एकदा डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर त्या दिवशी स्वतःचं एकही विमान नव्हतं, ती सगळी किनाऱ्यावर होती, आणि मदतीला निघालेली लढाऊ विमानं उशिरा पोचली. विमानं नसलेली विमानवाहू नौका. तिला डाइव्ह बॉम्बरने बुडवलं हे खरंच आहे. पण तुम्ही ते एवढंच लिहून थांबाल का? ‘विक्रांत’बद्दल मला विचारायचंय ते हे: तिच्यासोबत विनाशिका किती असतील, डेकवर विमानं किती असतील, आणि खाली हँगरमध्ये आग लागल्याचा सराव महिन्यातून किती वेळा होतो?